तोंडातली पिल्लं

घरातल्या काचेच्या टाकीतली, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या जातीची ती पिवळी मासोळी दोन-तीन आठवडे काही खात नव्हती. तिचे गाल फुगले होते. विश्राम तिला तळहातावर धरून, औषधाचा थेंब पाजायला तिचं तोंड उघडू लागला.

“अहो, राहू द्या ना. तिच्या तोंडात काहीतरी हलतंय,” त्याची बायको नलिनी म्हणाली.

“तुला काय कळतं माशांतलं?” तो खेकसला.

तोंड उघडताच तळहातावर इवली इवली पिल्लं सांडली. खाणंपिणं सोडून ती त्यांना तोंडात सांभाळत होती! विश्रामने घाबरून हात तसाच टाकीत बुडवला.

मासोळी पळाली नाही. त्याच्याच बोटांशी घुटमळत ती एकेक पिल्लू पुन्हा तोंडात घेऊ लागली. लाजेने त्याची मान खाली गेली.

“हात हलवू नका,” नलिनी हळूच म्हणाली.

या वेळी त्याने तिचं ऐकलं.