शेजारच्या टेबलाचा खण

"आज मी सांगूनच टाकणार," मैत्रेयी म्हणाली आणि तिने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर जरा जोरातच ठेवला.

"अगं, मिठाईच खाल्लीस ना, दरोडा तर नाही घातलास!" श्रीधरने मसाला चहाचा घोट घेतला. लग्न झाल्यापासून तो ही एकच गोष्ट ऐकत आला होता. आता त्याला ती पाठ झाली होती.

लिटिल इंडियातल्या त्या मिठाईच्या दुकानात रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. श्रीधरने आधीच येऊन टिश्यूचं पाकीट टाकून टेबल अडवलं, म्हणून बसायला तरी मिळालं. हायाशी-सेन्सेई हात धुवायला गेले होते. वीस वर्षांपूर्वी मैत्रेयी जपानमधल्या एका लहानशा गावी इंग्रजी शिकवायला गेली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या या मास्तरांचं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं. आता पंचाहत्तरी उलटलेली, गळ्यात टूर कंपनीचा पिवळा बिल्ला. तीन वाजता त्यांची बस होती. म्हणजे मैत्रेयीबाईंच्या हातात तासभर उरला होता.

सेन्सेई येऊन बसले तशी मैत्रेयी ताडकन उठली आणि भर दुकानात कमरेत वाकली. डोशाचा ट्रे घेऊन येणारा माणूस जागच्या जागी थबकला.

"सेन्सेई, तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात ना, त्या तीन महिन्यांत तुमच्या वाटणीचं सगळं मी खाल्लं," ती जपानीत म्हणाली. "मला माफ करा."

त्या शाळेत रिवाजच होता. रविवारी कोणी दिवसभर कुठे भटकून आलं, की सोमवारी प्रत्येकाच्या टेबलावर तिथली एकेक मिठाई. आत आपल्या पुरणासारखं गोड सारण, वर गावाचं नाव छापलेला कागद. जो हजर नाही त्याचीही ठेवायची, तो येईपर्यंत तशीच. आता हे नव्या बाईंना कोण सांगणार? शाळेच्या जेवणात रोज मासे नाहीतर मांस. ही पक्की शाकाहारी. भात आणि दुधावर दिवस काढायची, तीन वाजता पोटात कावळे ओरडायचे. शेजारच्या टेबलावर ही बेवारशी मिठाई. उरली असेल, असं धरून बाईंनी ती खाल्ली. दर आठवड्याला. आणि कागद? तिथे कचऱ्याचे पाच डबे. कुठला कागद कशात जातो ते कळेना, चुकलं तर चारचौघांत शोभा. म्हणून बाईंनी नीट घड्या घालून ते सेन्सेईंच्याच खणात सारले. शाबास!

"माणूस परत आला की त्याला कळावं, आपली आठवण होती, म्हणून ती मिठाई ठेवतात. हे मला फार उशिरा कळलं," मैत्रेयी म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा टेबल मोकळं होतं. तुम्हाला वाटलं असणार, सगळे मला विसरले. मग तुम्ही खण उघडलात, आत पाहिलंत आणि एक शब्द न बोलता बंद केलात. मी शेजारीच होते, सेन्सेई. माझं तोंडच उघडलं नाही."

तिला रडू फुटलं. श्रीधरला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं, पण त्याने टिश्यूचं पाकीट तिच्याकडे सरकवलं.



"वाईट वाटलं होतं," सेन्सेई म्हणाले. "खरंच वाटलं होतं. पण खण उघडेपर्यंतच."

"म्हणजे?"

"सगळे कागद होते ना आत. प्रत्येकावर गावाचं नाव. कोण कुठे गेलं आणि माझ्यासाठी घेऊन आलं, सगळं कळलं. नुसती मिठाई असती, तर मी खाल्ली असती आणि कागद फेकून दिले असते."

मैत्रेयी हळूच खुर्चीत बसली.

"डॉक्टर म्हणाले होते, चाला, फिरा. कुठे जायचं ते सुचत नव्हतं. ते कागद मी घरी नेले. दर रविवारी बायको त्यातला एक उचलायची आणि म्हणायची, आज इथे. कधी तळं, कधी किल्ला, कधी समुद्र. सकाळच्या गाडीने जायचं, अंधार पडायच्या आत घरी. वर्षभर फिरलो. तोवर आम्ही दोघं कुठे म्हणून गेलो नव्हतो. पुढच्या हिवाळ्यात ती गेली."

"काय गं, रागावले का?" श्रीधरने दबक्या आवाजात विचारलं.

मैत्रेयीने नकारार्थी मान हलवली.

सेन्सेईंनी खांद्यावरच्या पिशवीतून एक मिठाई काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. "आमच्या गावची. तुमची वाटणी."

तेच पुरण, तीच चव. तिने रडत रडतच ती संपवली. श्रीधर म्हणाला, "अगं, सावकाश." मग सवयीने कागदाची नीट चौकोनी घडी घालून ती इकडेतिकडे डबा शोधू लागली.

सेन्सेईंनी चेन उघडून आपली पिशवी त्या कागदासाठी तिच्यापुढे धरली.