अवतरणचिन्हातली बाई

"नाव कुठंच नाही, मॅडम. सगळीकडे फक्त 'नर्सबाई' लिहिलंय," पोटकलम तिसऱ्यांदा म्हणाली. उठसूट कायद्याची कलमं तोंडावर फेकते, म्हणून विद्यापीठाच्या विधी विभागानं तिचं हे नाव पाडलं होतं.

प्रबंध आज पाचच्या आत जमा करायचा होता. मुदतवाढ मागायला आता तोंड उरलं नव्हतं. विषय होता इंटरनेटवरून विसरलं जाण्याचा हक्क, आणि चौथं प्रकरण एका नर्सवर उभं होतं. औषधचोरीचा आळ, मग निर्दोष सुटका. तरी कुणी नाव शोधलं की आळच आधी दिसायचा आणि हातची नोकरी जायची. आता कुठं दुसऱ्या गावी तिचा जम बसत होता.

मार्गदर्शक मॅडमनी प्रबंध उघडला. पान एकशे बेचाळीसवर सुटकेच्या निकालातलं न्यायाधीशांचं एक वाक्य होतं, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. ते त्यांनी मोबाइलवर टाइप करून शोधलं आणि मोबाइल तिच्यापुढे सरकवला. पहिल्याच ओळीत नर्सबाईंचं नाव, हॉस्पिटलसकट.

"नाव लपवलंस गं, पण बाईला दारात आणून उभं केलंस."

पोटकलम तडक उठली. विभागाच्या हॉलमध्ये सगळे वापरतात त्या कॉम्प्युटरवर बसून ती वाक्य मोडू लागली. शब्द मागेपुढे केले, शोधलं. नर्सबाई आल्या. अर्धंच ठेवलं. पुन्हा त्याच. आणखी कुठं काय दिसतं म्हणून थेट नावच टाकून पाहिलं, चार-पाचदा. खुर्चीत बूड टिकेना. उठायची, दारापर्यंत जायची, परत बसायची. साडेचार वाजले.

फोन आला. नर्सबाईंचाच.

"ताई, झाला का हो जमा? मला कालच कायम केलं इथं. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

"अरे वा," ती कशीबशी म्हणाली. "थोडं राहिलंय माझं."

फोन ठेवला आणि तिनं अख्खं चौथं प्रकरण काढून टाकलं. दोन वर्षांची मेहनत. रडू आवरेना. उरलासुरला प्रबंध निदान वेळेत जावा, म्हणून विद्यापीठाचं पान उघडायला तिनं पहिलं अक्षर दाबलं.

कॉम्प्युटरनं पुढचं आपणहून सुचवलं. सगळ्यात वर नर्सबाईंचं नाव होतं, आडनावासकट.