तीन हजारांतल्या एकाचं पत्र

"पण त्या तीन हजार सोल्जर्सना कुणी आस्क केलं का?" नेत्राने पेन्सिल चावत विचारलं.

डब्लिन, ओहायोमधली शनिवारची सकाळ. टेबलाच्या एका टोकाला कांदेपोहे, दुसऱ्या टोकाला पंधराशे वर्षांपूर्वीचा फ्रान्स. सातवीच्या पुस्तकातल्या चित्रात क्लोव्हिस राजा मान खाली घालून पाण्यात उभा होता. लढाईत हरायला आला तेव्हा तो आपल्या ख्रिस्ती बायकोच्या देवाला नवस बोलला होता: जिंकव, तुझा होतो. जिंकला. मग रेमिजियस नावाच्या बिशपने त्याला सांगितलं, पूजलंस ते जाळ, जाळलंस ते पूज. राजामागोमाग तीन हजार सैनिकही ख्रिस्ती झाले. बाईंनी गृहपाठ दिला होता: त्यांतल्या एका सैनिकाने त्या संध्याकाळी आईला काय पत्र लिहिलं असेल, ते लिहा.

नेत्राच्या वहीत 'डिअर मॉम' एवढंच होतं.

"लिही, पाणी थंड होतं," तिचा बाबा परीक्षित म्हणाला.

"ऑफिसात होतो तसा रीऑर्ग झाला यार," विवेक म्हणाला. तो आणि त्याची बायको मृणालिनी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीचा कार्यक्रम ठरवायला आले होते आणि अजून पोह्यांवरच होते. "मॅनेजर तोच. मॅनेजरचा मॅनेजर बदलला. सगळ्यांना नवे बॅज."

"बिचारे," मृणालिनी म्हणाली. "राजा गेला की गेले मागे. गर्दीला काय कळतं?"

कांचन आजी संध्याकाळच्या वड्यांसाठी कोथिंबीर निवडत होती.

ती यात बोलणार नव्हतीच. नागपूरहून आल्या आल्या परीक्षितने तिला सांगून ठेवलं होतं, "आई, इथे तो विषय नको." सहा वर्षं तो मंडळाची नाटकं बसवत होता, लोकांना विमानतळावरून घरी आणत होता. आडनावावरून काही कळत नव्हतं. "नागपूरचे म्हणजे नक्की कोण?" असं कुणी विचारलं की तो मोहल्ल्याचं नाव सांगायचा. विचारणारे जरा थांबायचे, मग हवामानावर यायचे. एवढी जमवलेली माणसं एका वाक्याने बदलतील का, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची हिंमत नव्हती.

आज सकाळी मात्र आई पांढरी शुभ्र साडी नेसून खाली आली.

"लोक येतायत आई. ती हिरवी नेस ना."

"तारीख बघितलीस?"

बघितली होती. चौदा ऑक्टोबर, दोन हजार सहा.

"काकू," मृणालिनीने आवाज हळू केला. मनाने ती चांगली होती. आल्यापासून त्या साडीकडे बघून हळहळत होती. "काका कधी गेले हो?"

आजीची बोटं थांबली. गेले म्हणावं, तर नवरा जिवंत. आहेत म्हणावं, तर साडीचं कारण सांगावं लागणार, आणि मुलाला शब्द दिलेला. तिने परीक्षितकडे पाहिलं.

"आजोबा डाइड?" नेत्राने विचारलं.

परीक्षितने कप खाली ठेवला.

"बाबा ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "नागपूरला दीक्षाभूमीवर पाणी वाटतायत. आज धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली. आई त्या दिवशी तिथे होती. साडी त्यासाठी आहे. आम्ही बौद्ध आहोत."

विवेक म्हणाला, "अरे, मग सांगायचं ना यार," आणि पोह्यांतले शेंगदाणे शोधू लागला. मृणालिनीचा चेहरा लाल झाला होता.

नेत्राला यातलं काहीच दिसलं नाही. ती खुर्चीसकट आजीकडे सरकली. "आजी, तू होतीस? किती सोल्जर्स होते?"

"सोल्जर नव्हते गं. माणसं. लाखो. मी सात वर्षांची."

"सगळे असे व्हाइटमध्ये?" तिने चित्र पुढे केलं.

"असेच. दुकानांत पांढरं कापड उरलं नव्हतं. आईने एका साडीच्या दोन केल्या. एक तिला, एक मला."

"आणि जुने गॉड्स? बर्न केले?"

"नाही बाई. टोपलीत घालून नदीत सोडले. आई म्हणाली, जा बाबांनो, तुम्ही तुमच्या वाटेने." आजी हसली. "त्यात पितळेची इवलीशी देवी होती, माझी आवडती. मी रडले."

"तुला कुणी आस्क केलं?"

"मला कोण विचारतंय. मी आईचा हात धरून गेले." आजीने एक काडी मोडली. "आईला विचारायची गरज नव्हती. धर्म सोडायची घोषणा झाल्यापासून ती एकवीस वर्षं वाट बघत होती."

"मग घरी आल्यावर काय डिफरंट झालं?"

आजीने हातातली काडी खाली ठेवली. एवढं साधं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"गावातून जाताना आई कडेकडेने चालायची. मान खाली. त्या संध्याकाळी ती रस्त्याच्या मधून चालली. मीच सारखी कडेला ओढत होते, सवयीने. तर मला म्हणाली, नीट चाल, पायात येऊ नकोस."

मृणालिनीने हात लांब केला, कोथिंबिरीची अर्धी जुडी स्वतःकडे ओढली आणि निवडायला लागली. खाली मानेने.

नेत्राची पेन्सिल चालायला लागली होती. परीक्षित तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि खांद्यावरून वाचू लागला.

'डिअर मॉम, पाणी थंड होतं. मी घरी येतोय. रस्त्याच्या मधून.'