हॅमिल्टन दाखवताना

“ही लायब्ररी,” ऊर्मी म्हणाली.

ती लायब्ररी नव्हती. दारावर ठळक अक्षरांत ‘नर्सिंग’ लिहिलेलं होतं, आणि चित्राआत्या नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. दिसेल ती पाटी ती वाचायचीच.

“इथे तर नर्सिंग लिहिलं आहे, बेटा.”

“लायब्ररी मागे आहे. आतून जातात.”

“मग चल ना आतून.”

“उशीर होईल, ताई,” ऊर्मीचा बाबा, संजय म्हणाला. कशाला उशीर, ते त्याने सांगितलं नाही.

तिघं पुढे निघाली. म्हणजे ऊर्मी भराभर चालत होती आणि ती दोघं तिला गाठत होती. एक इमारत. एक झाड. पुन्हा इमारत. या विद्यापीठात ऊर्मी स्वतःही आज पहिल्यांदाच आली होती. नागपुरात मात्र पोराटोरांना माहीत होतं की संजूची मुलगी दोन वर्षांपासून कॅनडात हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत शिकते.

शिकत होती ती स्कारबरोच्या एका कम्युनिटी कॉलेजात. जनरल आर्ट्स. तत्त्वज्ञान, इतिहास, थोडं समाजशास्त्र, थोडं सगळंच. दोन वर्षं तिथे काढायची आणि तिसऱ्या वर्षाला इथे ट्रान्स्फर घ्यायची. अर्ज गेला होता, उत्तर नव्हतं. सकाळपासून तिने अकरा वेळा फोन पाहिला होता. मिसिसागात घराजवळही कॉलेज होतं, पण तिथे मराठी मंडळातलं कोणी ना कोणी भेटलं असतं.

“शेवटी डिग्री हॅमिल्टनचीच ना?” संजयने प्रवेश घेतानाच बजावलं होतं. “मग मधलं कशाला सांगायचं कोणाला?”

मधलं.

आणि आज सकाळी, गाडीत बसण्याआधी, हळूच: “एक तास सांभाळ. एकच तास.”

“थांब वं जरा,” आत्याने एका बाकावर बैठक मारली. “इमारती खूप झाल्या. शिकवतात काय, ते सांग.”

हे सोपं होतं. इतकं सोपं की ऊर्मीला भानच राहिलं नाही.

“हेरॉल्ड म्हणून एक सर आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, तुम्हाला अगदी खरी वाटणारी एक गोष्ट लिहा. आणि ती तुम्हाला कोणी सांगितली, तेही लिहा. दुसरा भाग लिहितालिहिताच तास संपला, आत्या! माझ्या शेजारी डेस्मंड बसतो. पन्नाशीचा आहे, ट्रक चालवतो. रात्रभर चालवून येतो आणि सगळ्यात जास्त तोच भांडतो. परवा सरांनी त्याला स्वतःच्या जागी उभं केलं आणि आपण त्याच्या बाकावर—”

“ट्रकवाला? युनिव्हर्सिटीत?”

संजय खोकला. “इथे सगळे येतात, ताई. कॅनडा आहे.”

आत्या हसली आणि पिशवीतून एक डबा काढला. “संत्रा बर्फी. तुझ्या सरांसाठी आणली. माझ्या शाळेत पोरगं पहिलं येवो की काठावर सुटो, मायबाप डबा घेऊन यायचे आणि हातात द्यायचे. चल. कुठे बसतात ते?”

“ऑफिसात ठेवू ना,” संजय घाईने म्हणाला. “ते पोचवतील.”

“गुरूला कुरिअर करतात का रे, संजू?”

ऊर्मी म्हणाली—

नाही. अजून नाही म्हणाली. आधी तिने समोरची खिडक्यांची रांग पाहिली. त्यातली कोणतीही चालली असती. जिना चढायचा, एक दार वाजवायचं, आत जे कोणी असेल त्याने गोंधळून डबा घेतला असता, थँक यू म्हटलं असतं. आत्या खूश. बाबा सुटला. आणि हेरॉल्ड सर त्या क्षणापासून कोणीतरी भलतेच झाले असते.

“सर इथे नाहीत,” ती म्हणाली. “स्कारबरोला आहेत. मीही तिथेच असते. लायब्ररी कुठे आहे, मला माहीत नाही, आत्या.”

आत्याने भावाकडे पाहिलं.

“ताई, कम्युनिटी कॉलेज आहे ते. फक्त दोन वर्षांचं. सप्टेंबरपासून ती इथेच—”

“उत्तर आलं तर,” ऊर्मी म्हणाली.

“येईल ना.”

“आणि नाही आलं तर? मग ही दोन वर्षं मी कुठे होते, बाबा?”

संजय बुटाच्या टोकाने बर्फाचं उरलेलं ढेकूळ फोडत राहिला.

“इथे आली की इथलं दाखव,” आत्या उठत म्हणाली. “आज काय पाहून राहिलो आपण? सर किती वाजेपर्यंत असतात?”

“आज गुरुवार. चारपर्यंत.”

“गाडी काढ, संजू.”

वाटेत मिसिसागा आलं. घराकडे वळणाऱ्या एक्झिटचा इंडिकेटर संजयने सवयीने लावला. टिकटिक. टिकटिक. आरशात त्याला मागे बसलेली बहीण दिसली. त्याच्या शेजारी मुलगी सरळ समोर पाहत होती.

टिकटिक थांबली. एक्झिट मागे गेली.

आता पुढे कुठे वळायचं, हे संजयला माहीत नव्हतं. तो फोनकडे हात नेऊ लागला.

“राहू दे, बाबा,” ऊर्मी म्हणाली. “ती हिरवी बस दिसते ना? तिच्या मागे राहा. मी तिनेच कॉलेजला जाते.”

बस सावकाश चालली होती. शेजारची लेन रिकामी होती. स्कारबरोपर्यंत संजयने एकदाही ओव्हरटेक केलं नाही.