भूमिपुत्रांच्या चार जागा

मुळशीत डोंगर फोडणाऱ्या कंपनीच्या फाटकात गाव आठ दिवस ठिय्या मारून बसलं, तेव्हा कुठे कंपनी नमली. पोकलेन आणि डोझर दुरुस्त करणारे चार मेकॅनिक गावातलेच घेऊ, नावं तुम्हीच द्या, असं साहेबांनी लिहून दिलं.

एकनाथला वाटलं, सुटली एकदाची बेल्लारीची खाण! सहा वर्षं तिथे तो हीच यंत्रं खोलून बसवत होता आणि अख्ख्या गावात हे काम येणारा तो एकटाच होता. आईने, लीलाबाईने, त्याची बांधलेली वळकटी सोडूनही टाकली.

संध्याकाळी पारावर मोठ्या न्यायबुद्धीने चार भावक्यांना एकेक जागा वाटली गेली. निवडलेल्या चौघांपैकी दोघांना पाना आणि पक्कड यांतला फरकही सांगता आला नसता. एकनाथचं नाव यादीत नव्हतं.

"गेणबातात्या, अवो काम तर मला येतंय!" तो कळवळून म्हणाला.

यादीवर सही ठोकून सरपंच गेणबांनी त्याच्या पाठीवर मायेने हात ठेवला.



"म्हणून तर, लेका! तुला कुटं बी नोकरी मिळंल. ह्यांना कोण ठेवतंय?"