शेजारची सीट

चौतीस सालची ती अमेरिकन गाडी शर्यतीसाठी हलकी करायची म्हणून प्रद्युम्नने आधी हीटर काढला, मग मागचं बाकडं, आणि या शनिवारी शेजारची सीट. सुनेत्रा चहाचा थर्मास घेऊन गॅरेजमध्ये आली, तेव्हा ती सीट भिंतीला टेकून उभी होती.

"अहो, आता मी कुठे बसायचं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर, तेच बघतोय," गाडीच्या पोटातून उत्तर आलं.

तिला काही कळेना. जर्मनीत र्युसेल्सहाइमला आल्यापासून या माणसाने तिला विचारल्याशिवाय घरातला साधा पडदा बदलला नव्हता, आणि आज तिची जागाच पाना लावून खोलून ठेवली होती. इतक्या वर्षांनी आपलं ओझं व्हायला लागलं की काय?

तो हात पुसत बाहेर आला. "जरा आत बस बघू. स्टिअरिंगपाशी."

ती बसली.

"पाय पोचतात?"

"पोचतात. पण सीट केवढी पुढे घेतलीत! तुमचे गुडघे कसे मावणार इथे?"

"माझे कशाला मावायला हवेत? शर्यतीत तू चालवणार आहेस."

"मी? मग शेजारची सीट का काढलीत?"

"ऑटोबानवर तू चालवतेस ना, तेव्हा मी शेजारी बसून रामरक्षा म्हणत असतो," हेल्मेट तिच्या मांडीवर ठेवत तो म्हणाला. "एकदा तरी मला बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्यात."