मिनकाकांच्या ताटातला टोफू

मिनकाकांनी रस्स्यातला टोफूचा शेवटचा तुकडाही उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि हेवॉननं मनातल्या मनात ते तुकडे मोजले.

"आवडत नाही का, काका?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आवडायचा. आता घशाखाली उतरत नाही. तू दूध घे ना."

उतारवयात तिच्याच वर्गात शिकायला आलेले मिनकाका कँटीनमध्ये भेटले की तिच्यापुढं स्ट्रॉबेरीच्या दुधाचं छोटं खोकं ठेवायचे, नळी खुपसून. म्हातारा हिला बालवाडीतली समजतो, अशी वर्गात थट्टा चाले. हेवॉन बावीस वर्षांची, आणि त्या गुलाबी वासानं तिला लहानपणापासून मळमळायचं. पण वडीलधाऱ्या माणसानं दिलेलं नाही कसं म्हणायचं, म्हणून ती दोन घोट घ्यायची.

तीन वाजता हान बाईंच्या तासाला दोघांना एक जुना खटला मांडायचा होता. मुलांची साक्ष कितपत धरावी, हा विषय. वर्गात तीस जण, तरी काकांनी जोडीदार म्हणून तिलाच मागून घेतलं. खटलाही त्यांनीच शोधून आणला. निकालपत्रात सगळ्या नावांवर काळ्या पट्ट्या होत्या. चॉन्जू शहरातल्या एका दुकानदाराचा खून. आरोपी, वय चव्वेचाळीस. साक्षीदार मुलगी, वय सात. बाकी पुरावा असा काही नव्हताच. मुलीनं फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हेच." तेवढ्यावर माणूस बारा वर्षं आत गेला. सुटला त्याला आता तीन वर्षं होत आली.

त्यातल्या एका पट्टीखालचं नाव हेवॉनला न वाचताच कळलं होतं. ते तिचं स्वतःचं होतं.

"एक विषय झेपत नाही आणि बाईसाहेबांना दोन हवेत," असं आई चारचौघांत म्हणायची. आईला काय ठाऊक. गुन्हेशास्त्र घेतलं ते त्या माणसानं खरंच खून केला होता का, हे कळावं म्हणून. मानसशास्त्र घेतलं ते आपण त्याला खरंच पाहिलं होतं का, हे कळावं म्हणून. चार वर्षं पुस्तकं उपसली, पण डोक्यात शिल्लक होतं ते तेवढंच. एक टेबल, एक फोटो आणि आपल्याच तोंडचं ते "हेच". फोटोतला चेहरासुद्धा आठवत नव्हता. पाहिलं होतं म्हणून म्हणाले, की घरी जायचं होतं म्हणून? या एका प्रश्नानं तिची झोप उडवली होती.

आणि समोर हे मिनकाका. चव्वेचाळीस आणि पंधरा, एकोणसाठ. बरोबर तेवढंच वय. तुरुंगातून सुटलेल्याला कोरियात दारातच पांढरा टोफू खाऊ घालतात, पुन्हा आत जाणं नको म्हणून, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकदा तसा खाल्लेला टोफू माणसाच्या घशाखाली पुन्हा कसा उतरावा?

काकांनी कागद सरळ केले. "शेवटी काय सांगायचं आपण? मुलगी खोटं बोलली?"

"सात वर्षांची होती हो ती."

"मी वय नाही विचारलं, पोरी."

हेवॉननं दुधाचं खोकं बाजूला सारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय होतंय. ती आता कुठं असेल, तिला झोप लागत असेल का, एवढंच माझ्या मनात येतं."

"नाही लागत," ती बोलून गेली.

काकांनी मान वर केली नाही. ताट उचलून ते ठेवायला निघाले. त्यांच्या ताटात टोफूचे पाच तुकडे तसेच पडून होते.

अडीच वाजले. हेवॉनला आता बसवेना. तिनं काकांना बाहेर गिंकोच्या झाडाखालच्या बाकावर गाठलं.

"काका, ती मुलगी मी आहे."

ते बाकावर थोडं सरकले, पण ती उभीच राहिली.

"तुमची बारा वर्षं माझ्यामुळं गेली. मला शिव्या घाला, वाटेल ते करा. आज वर्गात मी सांगणार आहे की मुलगी खोटं बोलली. माझं नाव घेऊन सांगणार आहे."

"तू कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," काका सावकाश म्हणाले. "तुझं नाव इथल्या विद्यार्थ्यांच्या यादीत पाहिलं आणि मग मी इथं प्रवेश घेतला. पण तू असलं काही सांगायचं नाहीस."

हेवॉनच्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसानं आपल्याला माफ करावं, हे तिला शिव्यांहून जड गेलं. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "सुटलात त्या दिवशी दारात टोफू घेऊन कुणी आलं होतं तरी का?"

"त्याचं कुणीच आलं नव्हतं. टोफू घेऊन मी उभा होतो," मिनकाका म्हणाले. "त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि बाजूनं निघून गेला. दोनदा 'हे नव्हेत' म्हणालेल्या पोरीपुढं तिसऱ्यांदा तोच फोटो आणि दुधाचं खोकं ठेवणाऱ्या पोलिसाच्या हातचं तो कशाला खाईल?"